न शिकवलेले धडे

वडिलांनी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री टेकवली, तेवढ्यात तिने पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं.

“बाबा, मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की काय होतं, ते मला समजलं नाही.”

इस्त्री जागच्या जागी थांबली. करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनी ती घाईघाईने उचलली.

“पुस्तकात दिलंय ना सगळं? वाच की नीट,” म्हणाले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी घालून झालं होतं.

ती पुस्तक तसंच धरून उभी राहिली. आदल्याच दिवशी याच माणसाने साबणाला फेस का येतो हे दाखवताना अख्खी वडी बादलीत झिजवली होती आणि आईची बोलणी खाल्ली होती. शिकवायला बसले की त्यांना तहानभूक आठवत नसे. आणि आज कुंड्या आठवल्या!

ते तिच्याच शाळेत रसायन शिकवायचे, पण दुसऱ्या वर्गांना. तिच्या वर्गाच्या बाई ऐन परीक्षेच्या तोंडावर आजारी पडल्या आणि पेपर काढायचं काम यांच्याकडे आलं. मुलगी त्याच वर्गात आहे, मला नको, असं त्यांनी सांगून पाहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, तुमच्यावर नाही विश्वास टाकायचा तर कोणावर?” ते वाक्य त्यांनी घरी जेवताना दोनदा सांगितलं. आणि मग बजावलं, की परीक्षा होईपर्यंत मला रसायनातलं काही विचारायचं नाही.

पण मुलगी म्हणजे आनंदीआनंद होता. पुस्तक उघडलं की जांभई, मिटलं की भूक. शेवटी आईचा धीर सुटला.

“पोरगी नापास झाली तर तुमच्या तत्त्वांचं काय लोणचं घालायचंय का? घरात रसायनाचा मास्तर, आणि हिला शिकवणीला कुठे पाठवू?”

वडील विरघळले. विचार काय विचारायचं ते, म्हणाले. मनाशी त्यांनी एवढंच ठरवलं होतं, की पेपरात जे आहे त्यावर आपण अवाक्षर काढायचं नाही. तोंड मिटलं की गुपित राहतं, असं त्या भल्या माणसाला वाटत होतं.

कुंड्यांच्या दिवसानंतर तिने मुद्दाम आवर्तसारणी काढली. वडील रंगात आले. मूलद्रव्यांना त्यांनी सासर-माहेर दिलं, भांडणं लावून दिली. मग तिने लोखंड गंजतं कसं, ते विचारलं. वडिलांना एकदम नखं कापायची आठवण झाली.

तिने त्या धड्यावर पेन्सिलीने खूण केली. पेपर समोर बसून नखं कापत होता.

त्यानंतर तिला अभ्यासाचा असा काही हुरूप आला, की आई बघतच राहिली. सकाळी न उठवता उठायची, जेवतानाही पुस्तक सोडायची नाही. एकेक धडा घेऊन वडिलांपुढे जायची, त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची आणि जिथे ते उठून जातील तो धडा घोकत बसायची. वडिलांना हे बाहेरून दिसायचं तेवढंच दिसत होतं. शेजाऱ्यांना त्यांनी जिन्यात थांबवून सांगितलं, “मनावर घेतलंय हो पोरीने.” ते तिने दाराआडून ऐकलं. तरी ती परत जाऊन गंजाचा धडा पाठ करायला लागली.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. ती रडकुंडीला आली होती.

“अगं, काय काय महत्त्वाचं आहे? माझ्या तर काहीच डोक्यात शिरत नाहीये.”

“सगळंच महत्त्वाचं आहे,” ती म्हणाली आणि आई हाक मारतेय असं सांगून फोन ठेवला. आई बाजारात गेली होती. तिने पुस्तक पुन्हा पुढ्यात ओढलं.

तेवढ्यात वडील तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. कधी नव्हे ते त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“माझं चुकतंय बघ. तू एवढ्या मनापासून विचारतेस आणि मी मध्येच उठून जातो. दुसऱ्याची मुलगी असती तर सगळं समजावलं असतं. माझी म्हणून तुझंच नुकसान. राग नको धरूस.”

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिने पुस्तक मिटलं.

“बाबा, तुम्ही उठून जाता ना, मी तेवढंच पाठ करते.”

त्यांना आधी समजलं नाही. मग त्यांचा हात तिच्या डोक्यावरून हळूच खाली आला.

“कुठले कुठले?” त्यांनी विचारलं.

तिने धडे सांगितले. शेवटचा ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. मग कॉलर करपलेलाच शर्ट अंगात चढवला आणि चपला घालून निघाले. आई पिशव्या घेऊन जिना चढत होती. “अहो, कुठे निघालात?” तिने विचारलं. ते तिला वाट देऊन खाली उतरले.

परत आले तेव्हा आईला सगळं कळलेलं होतं आणि चहा दुसऱ्यांदा गरम झाला होता. त्यांनी कप हातात घेतला, प्यायले नाहीत.

“मुख्याध्यापकांना सांगून आलो. पेपर माझ्याकडून फुटला. दुसऱ्या शाळेतल्या बाई नवीन काढून देणार आहेत.”

“हिचं नाव?” आईने विचारलं.

“हिचा काय संबंध? विश्वास माझ्यावर टाकला होता.”

“ते काय म्हणाले?”

“काही नाही. दारापर्यंत सोडायला आले नाहीत, एवढंच.”

आई आत निघून गेली. वडिलांनी खुर्ची ओढली आणि मुलीच्या शेजारी बसले. पुस्तक स्वतःच उघडलं, मिठाच्या पाण्याच्या पानावर.

“आता विचार. काहीही विचार. पेपरात काय येणार, ते मलाही माहीत नाही.”

त्यांनी पेन्सिलीने भांडं काढलं, त्यात दोन कांड्या बुडवल्या, आणि मिठाचे कण पाण्यात कसे सुटे होतात, कोण कोणत्या कांडीकडे धावतं, ते सांगायला लागले. हळूहळू आवाज नेहमीसारखा चढला, हात हलायला लागले. ती पानावरच्या आकृतीकडे बघत राहिली.

“पुस्तकात काय बघतेस?” ते म्हणाले. “इकडे बघ, माझ्याकडे.”

तिला मान वर करवेना.