सात निवडणुकांचं गाऱ्हाणं

कातळकोंडात मत यंत्रात पडायच्या आधी देवळात पडतं. मतदानाला चार दिवस राहिले की गाव वाघजाईच्या देवळात बसतो, देवीपुढे नारळ ठेवतात, आणि घरटी एक माणूस उठून त्या नारळाला हात लावतो. हात लावला की ते घर शब्दाने बांधलं गेलं. गुप्त मतदान वगैरे पुस्तकात. इथे मत गावकीचं असतं, आणि गावकी गेली तीस वर्षं आप्पा रेवाळ्यांची आहे.

आप्पा ह्याच गावचे. सरपंच झाले, जिल्हा परिषदेत गेले, मग आमदारकीला उभे राहिले. सहा निवडणुका लढवल्या, दोन हरले, चार जिंकले. तीन झेंडे बदलले. आता सातवी.

आणि गेल्या, म्हणजे सहाव्या निवडणुकीला त्या नारळाला हात लावायला एकच माणूस उठला नव्हता. सगुणाचा नवरा, लवू.

लवू काही आप्पांचा वैरी नव्हता. उलट पहिल्या निवडणुकीपासून तालुक्यातल्या भिंतींवर आप्पांची निशाणी रंगवली ती लवूने. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश, शिडीवर उपाशी उभा. झेंडा बदलला तशी जुन्या निशाणीवर चुना मारून नवीही त्यानेच काढली. तिसऱ्यांदा बदलला तेव्हा मात्र त्याने ब्रश धुऊन माळ्यावर ठेवला. भर देवळात म्हणाला, "आप्पा, चुना मारून मारून भिंत जाड झाली, पण आतली पयली निशाणी मला दिसतेच. गावावरच्या सड्यावर चिऱ्यांची खाण येऊ देनार नाय म्हणून तुमी ह्याच नारळाला हात लावला व्हता. आज खाण तुमचा पुतण्या चालवतो. आधी तुमचा हात सोडवा, मग मी माझा लावतो."

एवढंच बोलला. घरी येऊन पेज जेवला.

आप्पा जिंकले, पण कातळकोंडाच्या केंद्रावर त्यांच्या विरोधात अकरा मतं निघाली. लवूच्या घरात मतं तीन. उरलेली आठ कुणाची, हे विचारायची छाती कुणाची झाली नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर सापडलं असतं. अकराच्या अकरा लवूच्या माथी मारली आणि घर वाळीत टाकलं.

वाळीत म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. कोणी मारत नाही, शिवी देत नाही. फक्त लावणीला तुमच्या शेतात कोणी उतरत नाही. लग्नाची सुपारी तुमच्या दारात येत नाही. शिमग्यात देवीची पालखी वाडीतल्या प्रत्येक घरी जाते आणि तुमच्या घराकडे चढणाऱ्या पाखाडीच्या खालच्या पायरीवरून वळते. दर शिमग्याला सगुणा दारापुढचं खळं सारवायची, रांगोळी घालायची, ओटीचं ताट घेऊन उभी राहायची. ढोल वळला की ताट आत ठेवायची. लवू म्हणायचा, "उद्यापासून सारवू नको." ती म्हणायची, "देवीनं थोडंच टाकलंय आपल्याला? खांदेकऱ्यांनी टाकलंय."

मागल्या पावसाळ्यात लवू गेला. दुपारपर्यंत मयत पडवीत होती आणि गावातून एक खांदा आला नाही. शेजारची कमळा कुंपणापलीकडे उभी राहून पदरात तोंड घालून रडली, पण कुंपण ओलांडलं नाही. तिच्या घरात लग्नाच्या दोन मुली होत्या. शेवटी सगुणाचा मुलगा संदेश लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कंपनीत आहे तिथली पोरं शिफ्ट सुटल्यावर तशीच कंपनीच्या बसने आली. अंगाला केमिकलचा वास, पायात सेफ्टी बूट. ते त्यांनी पाखाडीखाली काढून ठेवले आणि परक्या गावातल्या परक्या माणसाला खांदा दिला.

आता ह्यातली मेख ऐका. माणसाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, असा कायदा आपल्याच विधानसभेत झालेला आहे. लवू वाळीत पडायच्या आधीचीच गोष्ट; त्या दिवशी आप्पा सभागृहात होते. हात वर करून त्यांनी कायदा मंजूर केला, आणि घरी आल्यावर ह्याच देवळात त्याचा सत्कारही घेतला. हारातली झेंडूची फुलं लवूच्या परसातली होती.

सातव्या निवडणुकीला समोरच्या उमेदवाराला ह्या प्रकरणाचा वास लागला. म्हणून आप्पा एका संध्याकाळी सगुणाच्या खळ्यात आले. बरोबर गावकीचा प्रमुख, दाजी गावकर.

"सगुणा वहिनी, आहेस काय?"

"असायचं कुठं आणि? बसा. पाणी देऊ, की आमच्या घरचं चालत नाय अजून?"

दाजी खोकला. आप्पा हसले, सात निवडणुकांत माणूस हसायला शिकतो.

"लवू माझा भाऊ होता गो. झालं गेलं ते पऱ्याच्या पाण्याला मिळालं. परवा गाव बसतोय. तू ये, देवीला गाऱ्हाणं घाल, चुकलंमाकलं पोटात घे म्हण, नारळाला हात लाव. घर गावकीत आलं."

"चुकलं कोण?"

"बोलायची पद्धत असते ती," दाजी म्हणाला. "परत घेताना चुकीची माफी मागावी लागते. आजपर्यंत सगळ्यांनी मागली."

"आणि संदेशचं लग्न," आप्पा हळूच म्हणाले. "पोरीच्या घरचे अडून बसलेत, ऐकलं मी. मी स्वतः येईन मुहूर्ताला. कोण नाय म्हणतो बघू."

ते खरं होतं. वैष्णवी संदेशच्याच कंपनीत प्रयोगशाळेत होती. पोरगी पसंत, पोरगा पसंत. पण तिचा बाप दापोलीकडचा, जुन्या वळणाचा. त्याने एकच विचारलं होतं, "लग्नाला तुमची गावकी उभी राहील ना? नसेल तर मी मुलगी कुणाच्या भरवशावर देऊ?"

पाहुणे गेल्यावर संदेश भिंतीला टेकून बसला.

"आये, एकदा हात लाव. नारळच तो. काय झिजनार हाय तुझं?"

"माझं नाय झिजनार. तुझ्या बापसाचं झिजंल."

"बापूस गेला. मी हाय अजून. किती वर्षं मी वाडीतनं मान खाली घालून जायचं? पोरं समोरून येतात आणि मोबाइल कानाला लावतात, बोलायला नको म्हणून."

पोराचं चुकत नव्हतं, आणि नवऱ्याचंही चुकलेलं नव्हतं. पोराचं लग्न व्हायचं तर नवऱ्याला मेल्यावर खोटं पाडायचं, एवढाच हिशोब होता. ती चुलीपुढे जाऊन बसली आणि बराच वेळ नुसतीच निखारे सारत राहिली.

परवाच्या दिवशी ती देवळात गेली. लवू गेल्यापासून तिने अंगाला लावलेलं नव्हतं असं धडसं लुगडं नेसली होती. संदेश मागे. देऊळ भरलेलं. मुंबई मंडळाचे चाकरमानी गाड्या करून आलेले, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मध्ये पुढ्यात आप्पा. देवीपुढे नारळ. पाच वर्षांनी ती ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत होती ते आज.

"ये सगुणा," दाजी म्हणाला. "गुरव सांगील तसं म्हण."

"गुरवाला कशाला त्रास? तोंड मला हाय."

बायकांत हशा पिकला आणि लगेच विझला. दाजीने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान हलवली: बोलू दे.

इथे आप्पा चुकले. तीस वर्षं लोकांकडून वदवून घेत आलेला माणूस, पण गाऱ्हाणं काय चीज आहे ते विसरला. गाऱ्हाणं घालणारा शेवटचा शब्द लांबवतो आणि गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. हे शिकवावं लागत नाही. आईच्या कडेवर असल्यापासून कानात बसलेलं असतं. सूर लांबला की तोंड आपोआप उघडतं. आणि गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं. जो तोडतो त्याच्या घराकडे ते वळतं, असं कातळकोंड मानतं. मुंबईत फ्लॅट घेतलेलेही मानतात.

सगुणाने हात जोडले.

"हे आई वाघजाई, बारा वाड्यांची धनीण तू, सड्याची, झऱ्याची राखण करनारी तूऽऽ..."

"व्हय म्हाराजा!" देऊळ घुमलं.

"आज तुझ्यापुढं नारळ हाय. आप्पा पयल्यांदा उभे ऱ्हायले तवा असाच ठेवला व्हता. खाण येऊ देनार नाय, झरा आटू देनार नाय म्हणून पयला हात आप्पांनी लावला व्हताऽऽ..."

"व्हय म्हाराजा!"

"आप्पा पडले. डिपाझीट गेलं. गावात त्या दिशी चूल पेटली नायऽऽ..."

"व्हय म्हाराजा!" म्हाताऱ्यांचे आवाज कातर झाले. ते दिवस खरेच होते.

"दुसऱ्या टायमाला निवडून आले. तिसऱ्या टायमाला आले. रस्ता दिला, शाळेवर कौलं घातली. केलं ते केलं म्हनायचं, आईऽऽ..."

"व्हय म्हाराजा!"

आप्पांनी डोळे मिटून मान डोलावली.

"चौथ्याला झेंडा बदलला, पडले. पाचव्याला बदलला, गावानं बदलला. सहाव्याला परत बदलला, गावानं परत बदलला. इचारलं कुनी नायऽऽ..."

"व्हय म्हाराजा!" हे बाहेर पडून गेलं, आणि मग लोक एकमेकांकडे बघू लागले. आप्पांचे डोळे उघडले.

"सड्यावर खाण आली. आप्पांच्या घरातनं आली. झरा आटला, आज बायका टँकरची वाट बघतातऽऽ..."

"व्हय म्हाराजा!" हा आवाज बायकांच्या अंगाचा होता. पुरुषांचा अर्धाच.

दाजी अर्धा उठला. बाजूच्या म्हाताऱ्याने त्याचं धोतर धरून खाली बसवलं. "मेल्या, गाऱ्हाणं चालू हाय."

"आप्पांनी मुंबईला कायदा केला, मानसाला वाळीत टाकू नये. आणि ह्या गावात लवू मेला, दुपारपावत पडवीत ऱ्हायला, तुझ्या लेकरांतला एक खांदा आला नायऽऽ..."

सूर लांबला. काहींची तोंडं सवयीने उघडली आणि तशीच राहिली. "व्हय" म्हणावं तर आपलंच पाप देवीपुढे कबूल होतं. न म्हणावं तर देवीपुढे खोटं ठरतं.

"व्हय म्हाराजा."

कमळा होती. पदर तोंडातून काढून, उभी राहून म्हणाली. मग तिच्या मागची. मग भिंतीकडून एक पुरुषाचा आवाज आला, घोगरा. मग बरेच. ओरडून नाही; मयताच्या घरी बोलतात तसे.

सगुणाने गाऱ्हाणं पुढे नेलं. "ह्या नारळावर दिलेला शब्द पाळायचा असतो, येवढंच माझा घो बोलला. तो चुकला असंल तर माझं घर उभं ठेवू नको. चुकला नसंल, तर माफी मी मागनार नाय. ज्यानं हात लावून सोडला त्यानं मागावी. आई, तू बघत व्हतीसऽऽ..."

"व्हय म्हाराजा," संदेश म्हणाला. मागे, दाराशी. आणि आईकडे येऊन उभा राहिला.

तिने नारळाला हात लावला नाही. नमस्कार केला आणि मुलाचा हात धरून पायऱ्या उतरली. त्यानंतर कोणीच हात लावला नाही. आप्पा "प्रचाराला जायचंय" म्हणून उठले. गुरवाने दाजीला विचारलं, "नारळ फोडू काय?" दाजी म्हणाला, "कुणाच्या नावानं?" नारळ तसाच राहिला.

आप्पा सातवी निवडणूक जिंकले. खोटं कशाला सांगायचं? मतदारसंघ मोठा, कातळकोंड एवढंसं. खाणीचे ट्रक अजून जातात, झरा अजून कोरडा आहे, आणि आप्पा विधानसभेत अजून हात वर करतात. पण केंद्रवार आकडे आले तेव्हा कातळकोंडाची निम्म्याहून जास्त मतं त्यांच्या विरोधात होती. दाजी कागद घेऊन पारावर बसला होता. कोणीतरी विचारलं, "दाजी, आता कुणाकुणाला टाकायचं वाळीत?" दाजीने कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

वैष्णवीचा बाप स्वतः गावात आला. देवळातली हकीकत त्याच्या कानावर गेली होती. कमळाने कुंपणाचा बांबू सरकवून त्याला चहा नेऊन दिला. त्याने फक्त विचारलं, "पालखी येईल ह्या शिमग्याला?" सगुणा म्हणाली, "मी खळं सारवनार. पुढचं तिचं ती बघंल."

शिमग्यात तिने खळं सारवलं. ढोल खालच्या वाडीतून वर चढला, पाखाडीच्या पायरीशी आला आणि थांबला. खांदेकऱ्यांत कुजबुज झाली. सगुणा ताट धरून उभी होती. ताटातले तांदूळ सांडत होते. मग पालखी एका बाजूला कलली, सावरली, आणि पायऱ्या चढू लागली. पुढच्या दांडीला कमळाचा नवरा होता. त्याची मान खाली होती.

देवी खळ्यात टेकली. लवू बसायचा त्या पडवीसमोर. संदेशने खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं. सगुणाने ओटी भरली, कपाळ पालखीच्या दांड्याला टेकवलं, आणि गाऱ्हाणं घातलं नाही, काही मागितलं नाही. फक्त म्हणाली,

"उशीर केलास गो बाय."

ह्याला "व्हय म्हाराजा" म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.