वरचे दात

डॉक्टर साठ्यांनी खिशातून पितळेची घडीची पट्टी काढली, उलगडली आणि जनावराच्या अंगाला लावली. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत एकदा, खांद्यापासून जमिनीपर्यंत एकदा. मग तीच पट्टी हातातल्या चित्रावर ठेवून ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. राजमहंमद कागदी समोर उभा होता. हात कुठं ठेवावेत हेही त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्यानं ते पाठीमागं नेऊन एकमेकांत अडकवले.

"प्रमाण बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले.

राजमहंमदाचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. अजून तीन जनावरं बाकी होती.

जनावरं म्हणजे कागदाच्या लगद्याची खेळणी, वीतभर ते हातभर. पण घोडा-हत्ती नव्हेत. कोट्यवधी वर्षांमागं मरून गेलेले राक्षसी सरडे, ज्यांना साहेबलोक डायनोसॉर म्हणतात. छप्पन सालच्या डिसेंबरात, जुन्नरच्या मोहल्ल्यात, जिथं माणसांनी मगरसुद्धा पाहिलेली नाही, तिथं ही चार जनावरं फळीवर ओळीनं उभी होती. आणि त्यांची परीक्षा घ्यायला पुण्याहून दोन शौकीन मोटार करून आले होते.

डॉक्टर साठ्ये हे निवृत्त गुरांचे डॉक्टर. दुसरे बेहरेसाहेब, त्यांच्या घरी म्हणे काचेची तीन कपाटं भरून देशोदेशीची खेळण्यातली जनावरं होती, जर्मनीची, विलायतेची, शिशाची नि लाकडाची. अशा हौशी लोकांचं पुण्यात मंडळच होतं. महिन्यातून एकदा जमायचं आणि नव्या खेळण्याचे कान, खूर, शेपट्या तपासायच्या. चांगली शिकलीसवरलेली, नातवंडं असलेली माणसं, पण एका गेंड्याच्या शिंगावरून सहा-सहा महिने एकमेकांशी अबोला धरायची. हसू येतं खरं. पण राजमहंमदाला हसायची सोय नव्हती. या दोघांनी मान हलवली, तर पुण्यातला एक मोठा दुकानदार तीनशे संच घेणार होता.

आणि नाही हलवली, तर भिवंडी. धाकटा भाऊ अकबर तिथं यंत्रमागावर कापड विणत होता. त्याचं पत्र येऊन चार दिवस झाले होते: मालकाकडं एका माणसाची जागा आहे, शनिवारपर्यंत ये, नाहीतर दुसरा घेतील. हातकागदाला आता गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. मोहल्ल्यातले कागदाच्या लगद्याचे हौद एकामागून एक कोरडे पडत गेले होते, कुणी त्यांत कडबा भरला, कुणी कोंबड्या कोंडल्या. ओला राहिलेला हौद राजमहंमदाचा तेवढा. बापानं, आज्यानं त्याच हौदात हात बुडवले होते. तो आपल्या हातानं कोरडा पाडायचा, या कल्पनेनंच त्याला जेवण जात नव्हतं. त्याची बायको आमिना हे बघत होती आणि भिवंडीचं नाव काढत नव्हती.

बेहरेसाहेबांची गाठ पडली ती मोहरमात. लेणी पाहायला आलेला हा माणूस राजमहंमदानं ताबुतासाठी केलेल्या कागदी घोड्यापुढं अर्धा तास उभा राहिला. नंतर घर शोधत आला आणि इंग्रजी मासिकातली चार रंगीत पानं पुढं ठेवून म्हणाला, ही जनावरं करशील का. चित्राबरहुकूम हवीत. राजमहंमदानं हो म्हटलं. कामाला नाही म्हणायची त्याची ऐपत नव्हती हे खरं, पण ती जनावरं त्याला आवडली होती हेही तितकंच खरं.

मग तीन महिने त्यानं दुसरं काही केलं नाही. सरड्यासारखी कातडी कशी दिसते ते बघायला घाटघरला डोंगरात राहणाऱ्या ओळखीच्या जानकूकडं जाऊन दोन दिवस राहिला, कपारीतली घोरपड न्याहाळत. परत येऊन ओल्या लगद्यावर कारल्याची साल दाबून पाहिली, आणि हुबेहूब तशी खरखरीत कातडी उठली. त्या दिवशी त्यानं आमिनाला हातातलं पीठ तसंच टाकून बाहेर यायला लावलं होतं.

ती कातडी आता डॉक्टर अंगठ्यानं चाचपत होते. दोन पायांवर उभं राहणारं मांसखाऊ जनावर पास झालं. पाठीवर पात्यांची रांग असलेलं दुसरं पास झालं. डॉक्टरांनी पाती दोनदा मोजली. तिसरं तीन शिंगांचं. त्याच्या शिंगांचा बाक बघून बेहरेसाहेब म्हणाले की माझ्याकडच्या जर्मन तीनशिंग्यापेक्षा हे उजवं आहे, आणि डॉक्टरांनी ते खोडून काढलं नाही.

दाराच्या चौकटीला टेकून हौशीराम उभा होता. बैलांचा दलाल आणि राजमहंमदाचा लहानपणापासूनचा दोस्त. बेल्ह्याच्या बाजारात हौशीरामानं बैलाचं तोंड उघडून वय सांगितलं की दोन्ही बाजू गप बसत, असा त्याचा दरारा. आज मुद्दाम धुवट पटका बांधून आला होता. तिसरं जनावर पास झालं तसा त्यानं राजमहंमदाकडं बघून डोळा बारीक केला.

राहिलं चौथं. सगळ्यांत मोठं, लांब मानेचं, पाला खाणारं. हे राजमहंमदाचं लाडकं. डॉक्टरांनी पट्टी लावली, मान, शेपूट, पावलं पाहिली. "उत्तम," म्हणाले आणि पट्टीची घडी घालू लागले.

तिथंच थांबायचं होतं. माणूस थांबत नाही. तीन महिन्यांत राजमहंमदानं या जनावरावर एक काम चित्राबाहेरचं केलं होतं, आणि ते कुणी पाहिलंच नसतं तर त्याला रात्री झोप आली नसती.

"साहेब, आजून एक हाय," असं म्हणून त्यानं जनावराच्या हनुवटीखाली बोट लावलं. जबडा अलगद उघडला. आत गुलाबी जीभ होती आणि खाली पुढं आठ दात, शिंपल्याचे, एकेक घासून बसवलेले.

चित्रात तोंड मिटलेलं होतं. पण या मुलखात जनावर हातात घेतलं की आधी त्याचं तोंड उघडतात. दोन दाती, चार दाती की आठही दात येऊन जुळलेला, हे पाहिल्याशिवाय कुणी जनावराला जनावर म्हणत नाही. तोंडच न उघडणारं जनावर राजमहंमदाला अर्धवट वाटलं. मग दात किती आणि कुठं, हा प्रश्न आला. तो त्यानं कुणाला विचारावा? हौशीरामालाच. हौशीरामानं चित्र उलटंपालटं करून निकाल दिला होता: चारा खाणारं जनावर हाय, म्हंजे खाली आठ, वर पुढं नुस्ती हिरडी. गाय बघ, म्हैस बघ, बकरी बघ. आठच्या आठ बसव, लोकांनी जुळलेला म्हणला पायजे.

डॉक्टरांनी जबड्यात बोट घातलं. वरच्या हिरडीवरून इकडून तिकडं फिरवलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"वरचे दात?"

"चारा खाणारं जनावर हाय साहेब. वरचे नसत्यात."

बेहरेसाहेबांनी वाकून पाहिलं आणि ते हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डॉक्टर हसले नाहीत. आयुष्यभर गुरांची तोंडं उघडणाऱ्या त्या माणसाला चूक कुठून आली ते क्षणात कळलं होतं. शांतपणे त्यांनी समजावलं की हे गुराच्या जातीचं नव्हे, सरड्याच्या. सापडलेल्या हाडांत वर आणि खाली, दोन्हीकडं दात आहेत.

राजमहंमदाचे कान तापले. तो म्हणाला, दोन दिवस द्या, बसवून देतो. तोंड मिटवूनच टाक म्हणाल तर तसं करतो. डॉक्टर फळीकडं बघत होते, जिथं पास झालेली तीन जनावरं उभी होती.

"हे दात कुणी सांगितले तुला?"

दाराकडची हालचाल राजमहंमदाला न बघताही कळली. पटक्यातला तो धिप्पाड माणूस चौकटीवरून सरळ झाला होता.

"कुणी न्हाई. माझंच डोकं."

"आणखी कुठं चाललंय तुझं डोकं? चित्राबाहेरचं काय काय केलंयस, खरं सांग."

खोटं बोलला असता तर निभावलं असतं, असं पुढं पुष्कळांनी त्याला ऐकवलं. पण एक खोटं त्याच्या तोंडून नुकतंच गेलं होतं, आणि लागोपाठ दुसरं बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं सांगून टाकलं. चित्रात एकच बाजू दिसते. दुसरी बाजू, पोट, पावलांचे तळवे, शेपटीच्या खालचं अंग, सगळं मनानंच केलंय.

डॉक्टरांनी तीन शिंगांचं जनावर उचललं, फिरवलं आणि परत ठेवलं. "मग याच्यात काय बरोबर आणि काय गाईचं, हे मी कसं सांगू?" आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "दुकानदार माझ्या सहीवर माल घेतो, राजमहंमद. माझ्यानं नाही व्हायची सही."

"दुसरी बाजू कुणी पाह्यलीय का, साहेब?"

त्याला खरोखरच विचारायचं होतं. बेहरेसाहेब डॉक्टरांकडं बघू लागले, डॉक्टर पट्टीकडं. मग दोघे मोटारीकडं निघाले. जाता जाता बेहरेसाहेब मागं फिरले. त्यांना ते लांब मानेचं हवं होतं, मंडळाला दाखवायला, गंमत म्हणून. किंमत तू सांगशील ती.

राजमहंमदानं ते जनावर फळीवरून उचलून छातीशी धरलं. "चुकीचा माल आमी बाहेर देत न्हाई," तो म्हणाला. त्या दिवशी त्याच्या आवाजात पहिल्यांदाच काही ताठ उभं राहिलं होतं.

मोटार गेली. हौशीराम दारात नव्हता, कधी निघून गेला ते कळलं नाही. कागद्यांच्या घरी बिघडलेला ताव फेकत नाहीत, परत हौदात घालतात, म्हणजे त्याचा पुन्हा लगदा होतो. राजमहंमदानं चारही जनावरं एकेक करून पाण्यात दाबून धरली. पास झालेली तीनसुद्धा. आमिना शेजारी येऊन उभी राहिली. तिनं त्याला अडवलं नाही. तो रडत होता आणि तिनं तेही पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग आत जाऊन ती बोचकं बांधायला लागली.

शुक्रवारी सकाळी हौशीराम बैलगाडी घेऊन दारात हजर. जुन्नरहून एसटी होती, पण नारायणगावापर्यंत मीच पोचवणार, असा हट्ट धरून बसला. आमिना मागं सामानावर बसली, हे दोघे पुढं. सगळी वाट हौशीराम बैलांशीसुद्धा बोलला नाही. नारायणगावचं टेकाड दिसायला लागलं तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटला.

"राजमहंमदभाई, माझं नाव का नाय घेतलंस?"

"घेऊन काय व्हनार व्हतं?"

"तीस वर्सं मी तोंडं बघतुया. माझं कंदी चुकलं न्हाई."

"बैलाचं बरोबरच हाय की तुझं."

हौशीरामानं कासरा ओढून बैलांना उताराला लावलं.

एसटीच्या थांब्यावर बोरी बुद्रुकचा सावळेराम भेटला. नवा खोंड घेऊन निघाला होता, दावं हातात. हौशीरामाला बघून त्याला हायसं वाटलं. म्हणाला, इकणारा चार दाती म्हणला, पर मला शंका हाय. तुमी एकदा तोंड बघा म्हंजे मी निर्धास्त. हौशीरामानं दोन्ही हात बंडीच्या खिशात घातले.

"दुसऱ्या कुनाला दाखीव. मला न्हाई कळत."

सावळेरामाला वाटलं चेष्टा आहे. तो हसला आणि मग हसायचा थांबला. एसटी आली, आमिना बोचकं घेऊन वर चढली, कंडक्टर ओरडायला लागला. राजमहंमद पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. तो खाली उतरला, हौशीरामाच्या खिशातला हात मनगटाला धरून बाहेर काढला आणि खोंडाच्या तोंडाशी नेला.

"बघ," तो म्हणाला. "बैल हाय ह्यो."

हौशीरामानं ओठ वर केला. अंगठा वरच्या हिरडीवरून फिरवला, तिथं काही नव्हतं, आणि काही असायलाही नको होतं. मग खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. एवढा वेळ त्याला कधी लागत नसे.

"चार दाती," तो हळूच म्हणाला, आणि सावळेरामाकडं न बघता राजमहंमदाकडं बघत राहिला, बरोबर आहे का ते विचारत असल्यासारखा.

राजमहंमदानं मान हलवली आणि तो गाडीत चढला.