दिलेली विधाने सत्य माना

“मावशी, मासे उडतात असं दिलंय ना? मग उडतात!” वकिली शिकणाऱ्या भाचीने पेन्सिल टेबलावर आपटली.

“अगं, पण कुठे उडतात?”

“प्रश्नात उडतात! ‘सर्व मासे उडतात. जे उडतं ते झाडावर झोपतं.’ तर मासे कुठे झोपतात?”

“पाण्यात,” मावशी म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

खरं तर हसण्यासारखं फार नव्हतं. लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत गेल्या वर्षी तिची जागा थोडक्यात हुकली होती, आणि हुकली ती अशाच प्रश्नांमुळे. नोकरी करणाऱ्यांच्या संध्याकाळच्या वर्गाला यंदा शेवटचे प्रवेश होणार होते. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. स्वतः तपासल्याशिवाय काही खरं धरायचं नाही, हे हाडात मुरलेलं. आकडा लिहून दिला की तिचं काम संपे. त्या आकड्याचं पुढे माणसं काय करतात, ते कळत नसे. ते कळावंसं वाटू लागलं, तेव्हापासून प्रयोगशाळेत तिचं नाव ‘वकीलबाई’ पडलं.

“वर लिहिलंय बघ, ‘दिलेली विधाने सत्य माना,’” भाची निघताना म्हणाली. “तेवढं मान. भांडू नकोस त्यांच्याशी.”

भाची गेली आणि बाबा आत आले. हातात लेकीच्या चपला. “खालच्या पायरीवर ठेवू नकोस गं. पाणी चढतंय.”

बाबांची उभी हयात बोटीच्या इंजिनघरात गेली होती. इथून समुद्र दिवसभराच्या प्रवासावर. पण हल्ली त्यांना लाटा ऐकू येत.

“बाबा, तो हमरस्ता आहे. ट्रक आहेत ते.”

“असतील,” म्हणत ते खुर्चीत बसले. चेहरा उतरलेला. तिने चपला पुन्हा खाली नेऊन ठेवल्या. रोजचंच होतं हे.

पुढचे काही आठवडे ती बसमधून जाता-येता मानत राहिली. सर्व खिडक्या शहाण्या असतात. मानलं. शहाण्यांना पंख असतात. मानलं. काचेवर ऊन सरकायचं, आणि घरांच्या रांगेतून एखादी खिडकी खरंच अलगद सुटून वर निघाल्यासारखी वाटायची. सराव परीक्षेतले गुण हळूहळू वाढू लागले.

परीक्षेच्या सकाळी बाबा दारात उभे होते. “आज मोठी भरती आहे. खालच्या रस्त्याने जाऊ नकोस.”

‘बाबा, तो’ इथवर तिच्या ओठांवर आलं. मग ती थांबली.

“किती वेळ राहील पाणी?”

बाबांनी मान कलती करून ऐकलं. “दुपारी उतरेल.”

“मग वरच्या रस्त्याने जाते. येताना खालून येईन.”

“शाबास,” ते म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा कामावरच्या माणसासारखा दिसला.

परीक्षेत मासे झाडावर झोपले. तिने त्यांना उठवलं नाही.

निकाल लागला तेव्हा बाबा जाऊन महिना होत आला होता.

“मावशी, केवढे वाढले गं गुण! जागा नक्की!” फोनवर भाची ओरडली, आणि मग हळू आवाजात म्हणाली, “आजोबांना कळलं असतं तर...”

“हो गं,” ती म्हणाली.

संध्याकाळी ती पायरीवर बसून राहिली. समोरचे दिवे लागले. लांबून आवाज सुरू झाला; एक जवळ येई, ओसरे, मग दुसरा. ती उठली. खालच्या पायरीवरच्या चपला तिने उचलल्या आणि वर, दाराशी आणून ठेवल्या.