हिरव्या पट्ट्या

माझ्या विहीणबाईंना मागायची सवय नाही, हाच त्यांचा मोठा दोष. बाकीच्या बायका मागतात, भांडतात, रुसून बसतात, तेव्हा कुठे त्यांच्या पदरात काहीतरी पडतं. ह्या बाई नुसत्या "छे छे, कशाला उगाच त्रास" म्हणतात, आणि दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडचा गळका नळ दुरुस्त झालेला असतो, दिवा बदललेला असतो आणि माझा मुलगा त्यांच्या टेबलाशी बसून चहा पीत असतो. माझा मुलगा. माझ्याकडचा दिवा गेला तर मी स्वतः स्टुलावर चढते.

आमचं सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवायचं दुकान आहे. पुढे गिऱ्हाईक, मागे कामाची खोली, वर राहायला. मालक गेल्यापासून ते मी चालवलं. शाळा माझी चौथीत सुटली. लिहिण्यावाचण्याचा मला कंटाळा, म्हणून मी मागच्या भिंतीवर सात खिळे ठोकले, सात वारांचे सात. ज्याचं काम ज्या वारी द्यायचं, त्याच्या कापडाची चिंधी त्या खिळ्यावर. वकीलीणबाईंची मखमल मंगळवारी, दातांच्या डॉक्टरचं काळं रेक्झिन शुक्रवारी. काम पोचलं की चिंधी काढायची. कुठली चिंधी कुणाची हे फक्त मला ठाऊक. मुलगा मोठा झाला, घरोघरी मापं घ्यायला जाऊ लागला, तरी सकाळी जिना उतरता उतरता ओरडायचा, "आई, आज कुठे?" तेवढ्यावर माझा दिवस उभा असायचा.

मग सूनबाई आली. पोरगी हुशार, नाव ठेवायला जागा नाही, मी शोधली होती. मोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरांचा आपापसात मेळ घालून द्यायचा, ही तिची नोकरी. एका रविवारी तिने दुकानाचा कॉम्प्युटर उघडला आणि सगळ्यांचे फोन फोमच्या तुकड्यावर ओळीने मांडले, जशी नर्स बाळांना टोचायला बसते.

"आता बघा आई. गिऱ्हाइकाचा मेल दुकानात आला की याच्या फोनवरही येणार. इकडे वाचला की तिकडे वाचलेला दिसणार. आणि हे कॅलेंडर. एकाने लिहिलं की सगळ्यांकडे उमटतं. सिंक केलंय सगळं."

"मग खिळ्यांचं काय?"

"राहू देत की! छान दिसतात."

छान दिसतात. इतकी वर्षं ज्यांच्यावर दुकान टांगलेलं होतं, ते आता शोभेचे झाले.

तिने रंग वाटले. दुकान तपकिरी, माझा मुलगा निळा, ती स्वतः पिवळी. "आणि माझी आई हिरवी. तिच्या टॅबवरही टाकलंय. एकटी असते ना, तिला कळेल आपण कुठे आहोत ते."

"आणि मी कुठल्या रंगाची?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

ती हसली. "तुमचं काय लावायचं आई? तुम्ही तर इथेच असता."

बोलली ती प्रेमानेच. पण दाभण सरळ आत जावं तसं ते वाक्य आत गेलं, आणि मी दोरा ओढायच्या निमित्ताने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची हाक बंद झाली. मुलगा जिना उतरायचा तो फोनात बघत. मीच ओरडायची, "आज बँकेतल्या साहेबांकडे माप आहे रे!" तो म्हणायचा, "हो, दिसलं." दिसलं! मी काय सांगितलं ते कुणाला ऐकूच यायचं नाही, त्याच्या आधीच ते दिसलेलं असायचं.

मग मीही बघायला लागले. फोन उजव्या हाताशी, कात्रीच्या शेजारी. तपकिरी, निळ्या, पिवळ्या पट्ट्यांवरून माझी नजर घसरायची आणि हिरव्यावर जाऊन अडकायची. कधी सोमवारी, कधी गुरुवारी, पण दुपारभर लांब. वर मुलाने लिहिलेलं, "आईकडे." अक्षरं जुळवून जुळवून वाचलं मी. ज्याला तो शब्द मी माझ्या मांडीवर शिकवला, त्याने तो उचलून विहीणबाईंच्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवला होता.

तो परत आला की मी विचारायची. "काय झालं तिकडे दुपारभर?"

"काही नाही गं. बसलो होतो."

"इथे बसायला खुर्च्या कमी पडतात का? आपला तर धंदाच खुर्च्यांचा."

"आई, तू पण ना!"

"बरं, माझ्याशी बोलतोस ते कुठल्या रंगात लिहितोस?"

तो हसून सटकायचा. त्याला वाटायचं आई गंमत करते.

सूनबाई कामासाठी परगावी गेली त्या आठवड्यात मी एका जुन्या कोचाचं कापड काढत होते. आपण बसवलेलं कापड नसलं की उसवायला मजा येते. टाका धरायचा, कापायचा, ओढायचा. शेजारी फोन उजळला. उद्याची पट्टी, हिरवी. मी तिच्यावर बोट दाबून धरलं तर फोनने विचारलं, काढून टाकायचं का? मी म्हटलं, टाक. पुन्हा विचारलं, नक्की? फोनला माझा स्वभाव माहीत नाही. नक्की. मग पुढच्या महिन्यातली काढली, त्याच्या पुढचीही. एकेक टाका उसवावा तशा मी माझ्या फोनमधल्या सगळ्या हिरव्या पट्ट्या उसवल्या, आणि कॅलेंडर कसं स्वच्छ झालं. मला वाटलं, माझ्या खिळ्यावरची चिंधी मी काढली तर शेजारच्याच्या खिळ्याचं काय जातं? ज्याला बघायची असेल त्याने आपल्या फोनात बघावी. माझ्या डोळ्यांसमोर नको.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दुपारचा चहा झाला तरी मुलगा हलला नाही. मी वाट बघत होते, आता उठेल, मग उठेल. डॉक्टरांच्या आरामखुर्चीला कापड चढवायचं होतं. ते काम दोघांचं. एकाने पाठीमागून ताणून धरायचं, दुसऱ्याने ठोकत जायचं.

"तुला कुठे जायचं नाही आज?"

"नाही. आज मोकळा आहे. धर इकडून."

मी कापड धरलं. तो गुडघ्यावर बसून स्टेपल मारत होता, लहानपणी बसायचा तसा जिभेचं टोक बाहेर काढून. मी म्हटलं, "सैल पडतंय." तो म्हणाला, "सैल तू सोडलंस." मी म्हटलं, "बापाचा मुलगा आहेस, ठोकायचं सोडून बोलतोस." दोघं हसलो. मला वाटलं, उमजलं याला. कुणी न सांगता उमजलं. त्या दुपारी मी राणी होते, आणि राणीला कोण सांगणार की तिनेच पायावर धोंडा मारून घेतलाय?

खुर्ची पुरी झाली आणि सूनबाईचा फोन आला. मुलाचे हात गोंदाने भरलेले, म्हणून त्याने बोटाच्या पेराने फोन मोठ्या आवाजात लावला.

"तू आईला घेऊन गेला नाहीस?" तिचा आवाज पहिल्यांदाच असा ऐकला मी.

"कुठे?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात! आज इंजेक्शन होतं तिचं."

"आज? आज तर काही नव्हतं. मी सकाळी बघितलं."

"मी स्वतः बघितली होती ती तारीख. तुला नुसतं बघायचंसुद्धा जमत नाही?"

"माझ्यावर काय ओरडतेस? कॅलेंडर तुझं. नव्हतंच त्यात!"

मग तिकडे बटणं दाबल्याचा आवाज. "पुढच्या तारखाही नाहीत," ती म्हणाली, आणि आवाज एकदम लहान झाला. "माझ्याकडूनच काही बिघडलं असेल. टॅब जोडताना. देवा, माझ्यामुळे."

मी गोंधळले. "कसलं इंजेक्शन?" मी विचारलं.

मुलाने कपाळाला हात लावला, गोंदासकट. "त्यांच्या डोळ्याचा आतला पडदा खराब होतोय, आई. ठरलेल्या तारखेला इंजेक्शन घ्यावंच लागतं. नंतर तासन् तास धूसर दिसतं, म्हणून मी सोबत जातो आणि दिसायला लागेपर्यंत बसतो. त्यांनीच सांगितलं होतं, कुणाला बोलू नका, उगाच काळजी."

बघा, माझ्यापासूनसुद्धा लपवलं. मला भलताच राग आला, आणि रागात माणूस हात दाखवून अवलक्षण करून घेतो. मी फोनकडे वाकून ठणकावून म्हटलं, "तू कशाला रडतेस? तुझं काही बिघडलेलं नाही. हिरव्या पट्ट्या मी काढल्या, पण त्या माझ्या फोनमधल्या. माझ्या फोनात काय ठेवायचं ते मी ठरवीन!"



"आई," सूनबाई फार हळू म्हणाली, "माझा-तुमचा असं काही नसतं त्यात. एकीकडून काढलं की सगळीकडून जातं."

ती एवढंच बोलली. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी तोंड उघडलं असतं. मुलाने माझ्याकडे बघितलं, हात पुसले आणि गाडीची किल्ली घेऊन गेला. मी नव्या आरामखुर्चीवर बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर मी कधी बसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान मुलावर सोपवून मी निघाले. कुठे ते सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

चार मजले, लिफ्ट बंद. दर मजल्यावर मी विहीणबाईंना एकेक शेलकं विशेषण दिलं, चौथ्यावर दम संपला म्हणून थांबले. दार त्यांनीच उघडलं. चेहरा माझ्याकडे, पण नजर माझ्या कानापाशी कुठेतरी.

"कोण? अय्या, विहीणबाई? कशाला एवढ्या पायऱ्या चढलात, उगाच त्रास..."

"आत येऊ का, की इथेच त्रास घेऊ?"

खोली स्वच्छ. टेबलावर टॅब पेल्याला टेकवून उभा, अक्षरं बोटाएवढी मोठी केलेली. त्यात आमचा सगळा आठवडा मांडलेला, तपकिरी, निळा, पिवळा. हिरवं कुठेच नाही.

"काल काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही हो. तुमच्या मुलाने लगेच धावपळ केली. डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय. उशीर झाला म्हणून थोडे रागावले, एवढंच."

"मी विचारते, काल काय झालं?"

त्या चहाच्या भांड्याशी वळल्या. पाठमोऱ्याच बोलल्या. "परवा मी इथेच बसले होते. बघता बघता एक पट्टी गेली. मला वाटलं डोळ्यांचाच खेळ. मग दुसरी गेली, तिसरी गेली. सगळ्या गेल्या. म्हटलं, पोरं कंटाळली असतील. कंटाळणारच. काल एकटीच निघाले. खाली पोचले, पण बसवरचा नंबर वाचता येईना. कुणाला विचारायचं? परत वर आले."

"फोन का नाही केलात? चार शिव्या घालायच्या होत्यात!"

"ज्यांनी आपलं नाव पुसलं त्यांना फोन कसा करायचा?"

 त्यांनी पेला पुढे केला, तो टेबलाच्या कडेवरून पडता पडता राहिला. मी तो पकडला.

"पट्ट्या मी काढल्या," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. मुलगी बोलली." त्या समोर बसल्या. "का, तेही कळलं मला. कारण मीही तेच करते, नुसती बघत बसते. सकाळी उठले की आधी टॅब. आज माझी मुलगी कुठे, जावई कुठे. पिवळं शोधते, निळं शोधते. तुमचं मात्र कधीच काही नसतं त्यात. तुम्हाला लिहावंच लागत नाही. दिवसभर त्यांच्यातच असता, हाक मारली की ओ देतात. फार हेवा वाटतो मला तुमचा. पोटात दुखतं हो, खरंच."

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली, पण आधी बरं वाटलं. ज्या बिनरंगाच्या जागेवरून मी एवढं जळत होते, त्या जागेसाठी ही बाई चौथ्या मजल्यावर बसून जळत होती.

मी चहा संपवला. पेला खाली ठेवला आणि त्यांची नजर माझ्या तोंडावर नीट यावी म्हणून खुर्ची पुढे ओढली.

"ऐका विहीणबाई. मी पट्ट्या काढल्या ही माझी चूक. एकदाच म्हणते, पुन्हा म्हणायला लावू नका. पण हातावर हात ठेवून बघत बसलात, ही तुमची चूक. लोक तुम्हाला गरीब गाय समजतात. तुम्ही कसल्या गरीब? माझ्यापेक्षा गर्विष्ठ आहात. मी भांडून मागते, तुम्हाला मागायचासुद्धा कमीपणा. तर सोमवारी दवाखान्यात तुमच्याबरोबर मी येणार. मुलगा दुकानात राहील, मला तो तिथेच हवा आहे. आणि 'कशाला त्रास' म्हणून दार उघडलंत, तर त्याच पायरीवरून परत जाईन!"