एक्केचाळीस नंबरचं रक्त

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा सुईताई बसमध्ये दांडा धरून उभी होती. सकाळचे साडेनऊ झाले होते.

"एक्केचाळीस नंबर," बाईंनी एरवीसारखं 'कशी आहेस' वगैरे काही विचारलं नाही. "मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडलीत. रक्तात पोटॅशियम इतकं वाढलंय की हृदय कधीही थांबू शकतं. आणि नमुना परवाचा आहे. दुपारच्या आत तिला इथे आण."

सुईताईने पिशवीतली यादी काढली. एक्केचाळीस: वय चोवीस, लॉन्ड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर. परवा रक्त घेताना जो हात तिने धरून ठेवला होता तो चोवीस वर्षांचा नव्हता, आणि ते तिला तेव्हाच कळलं होतं.

सुईताई हे नाव बायकांनी ठेवलेलं. सुई प्रत्यक्षात टोचायची परिचारिका. हिचं काम माणसं मिळवायचं. लोकांच्या तब्येतीचा वीस वर्षं चालणारा मोठा अभ्यास होता, पण परदेशातून कामाला आलेली माणसं त्यात सापडतच नव्हती. पाहणीवाले दार वाजवायचे आणि आतला दिवा विझायचा. म्हणून बाईंनी हिला शोधून काढलं. हिची बोली तीच होती, आणि ऐन उमेदीत हिनेही अशाच एका लॉन्ड्रीत सात वर्षं वाफ खाल्ली होती.

तीन आठवडे ती लॉन्ड्रीच्या वसतिगृहाच्या जिन्यात ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे बायका बोलायला लागल्या.

"आमच्या रक्तात असं काय सोनं लागून गेलंय?" एकीने विचारलं होतं.

"सोनं कुठलं! पण दिवसभर वाफेत उभं राहायचं, आणि लघवीला सोडत नाहीत म्हणून पाणीच प्यायचं नाही, ह्याने काय होतं ते तुमचं रक्तच सांगेल."

"आणि नाव?"

"नाव कुठे जाणार नाही. कारखान्याकडे नाही, कागदपत्रवाल्यांकडे नाही. माझा शब्द."

एकेक करत चाळीस जणी झाल्या. एक्केचाळिसावी आली शेवटच्या दिवशी, डोक्यावरून ओढणी पुढे ओढून. कार्डावरचा फोटो गोल चेहऱ्याच्या पोरीचा होता. समोरचे गाल खप्पड होते. सुईताईने फोटो पाहिला, बाई पाहिली आणि कार्ड मिटून परत दिलं. तेवढाच एक नंबर वाढत होता.

आता ती लॉन्ड्रीत शिरली तेव्हा चादरींचे ढीग गाड्यांवरून चालले होते आणि इस्त्रीची यंत्रं फुसफुसत होती. दारातच सुपरवायझर आडवा आला.

"रिपोर्ट आले वाटतं. कोण आजारी आहे? नाव सांगा, आत्ता घरी पाठवतो."

त्याच्या 'घरी'चा अर्थ विमानतळ, हे तिथल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

"आजारी कोणी नाही. एका फॉर्मवर सही राहिलीय. दोन मिनिटं."

तो बाजूला झाला, पण मागोमाग आला आणि चार हातांवर उभा राहिला. त्याला त्यांची बोली कळत नव्हती. चेहरे मात्र कळत होते.

गोल चेहऱ्याची पोरगी चादरीचं टोक यंत्रात सारत होती. सुईताईला पाहून तिचे हात जरासे अडखळले.

"हसत बोल," सुईताई फॉर्म पुढे करत म्हणाली. "तो बघतोय. परवा तुझ्या कार्डावर रक्त कोणी दिलं?"

"मीच की." पोरगी हसली. "मी ठणठणीत आहे."

"तू आहेस. जिने दिलं ती नाही. आज दवाखान्यात नेली नाही तर ती मरेल."

हसू ओठांवरच गोठलं. तिने पेन घेतलं, कागदावर टेकवलं, पण ते पुढे सरकेना.

"तुम्ही म्हणाला होतात, नाव कुठे जाणार नाही."

"म्हणाले होते. आणि ती तू नाहीस हे मला परवाच दिसलं होतं. मी गप्प बसले. तेव्हाच विचारलं असतं, तर आज तुझ्यासमोर असं खोटं हसावं लागलं नसतं."

"काय चाललंय?" सुपरवायझरने विचारलं.

"तारीख चुकली," सुईताई त्याच्या भाषेत म्हणाली. "नवीन लिहितोय."

पोरीने सही केली. मान खाली घालूनच बोलली, "माझी नणंद आहे. तिच्याकडे इथे राहण्याचे कागद नाहीत. महिनाभर पाय सुजतायत, म्हणून मीच म्हटलं, माझ्या कार्डावर तपासून घ्या. पहाटे गोदाम झाडून येते आणि माझ्या खाटेवर झोपते. खोली नऊ. दार नाही उघडणार. 'वन्सं' म्हणा. तसं तिला मी एकटीच म्हणते."

वसतिगृह आवाराच्या पलीकडेच होतं. सुईताईने नऊ नंबरचं दार वाजवलं. आत खाट करकरली आणि सगळं शांत झालं.

"वन्सं," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "वन्सं, मी सुईताई."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. बाई भिंतीला धरून उभी होती. पाय घोट्यापासून टम्म फुगलेले, ओठ कोरडे. सुईताईने जे होतं ते सांगितलं, काही लपवलं नाही. बाई ऐकून पुन्हा खाटेवर बसली.

"दवाखान्यात कागद विचारतील."

"विचारतीलही."

"मग परत पाठवतील. माझं जाऊ द्या, पण मला लपवलं म्हणून वहिनीलाही काढतील. भावाने तिला माझ्या भरवशावर पाठवलीय. नाही, मी पडून राहते. उतरेल."

"नाही उतरणार."

"तुम्ही शब्द द्या, कोणी काही करणार नाही म्हणून."

सुईताईच्या जिभेवर शब्द आलाच होता. महिनाभर तोच देऊन तिने माणसं जमवली होती. तिने तो गिळला आणि बाईलाही ऐकू यावं म्हणून डॉक्टरीणबाईंना फोन मोठ्या आवाजावर लावला.

"बाई, एक्केचाळीस ही कार्डावरची मुलगी नाही. तिची नणंद आहे. कागद नाहीत. आणि नंबर भरायचा म्हणून मी माहीत असून चालवून घेतलं."

खाटेवरच्या बाईचे डोळे फोनवर खिळले होते.

"तुझं नंतर बघते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती ऐकतेय का? बाई, तातडीच्या रोग्याला आमच्याकडे आधी आत घेतात, कागद मागाहून. मागाहून काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण मी दारात उभी राहते. निघा."

बाई म्हणाली, "ह्यांनी निदान खोटं तरी सांगितलं नाही," आणि चपला शोधू लागली.

सुईताईने फोनवरून टॅक्सी बोलावली. सुजलेल्या पायांत चपला शिरेनात. सुईताईने तिला तशीच अनवाणी उठवली आणि काखेत हात घालून जिना धरला. तिसऱ्या पायरीवर बाईचा श्वास लागला, सातवीवर गुडघे वळले. वर न्यायचं बळ नव्हतं आणि खाली मागावर आलेला सुपरवायझर उभा होता.

"ही कोण? आमच्या यादीत नाही ही."

"माझ्या अभ्यासातली आहे. बाजूला व्हा, टॅक्सी उभी आहे."

"नाव?"

सुईताईने तोंड मिटलं. ह्या एका प्रश्नाला ती उत्तर देणार नव्हती, मग तिथेच संध्याकाळ झाली तरी. बाईचं डोकं तिच्या खांद्यावर जड होत चाललं होतं. सुपरवायझरने खिशातून फोन काढला.

तेवढ्यात त्याच्या मागून धावत पोरगी आली, अंगावर लॉन्ड्रीचा ओला एप्रन तसाच.

"माझी नणंद आहे," ती त्याच्या भाषेत, तुटक तुटक म्हणाली. "मी ठेवलं. माझ्या खाटेवर."

"मशीन सोडून आलीस?"

"हो."

"मग परत येऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली, त्याला वळसा घालून पायरीवर चढली आणि नणंदेचा दुसरा हात आपल्या मानेभोवती घेतला. दोघींनी तिला खाली आणलं. सुपरवायझर काही बाजूला झाला नाही. त्या त्याला घासूनच गेल्या.

टॅक्सीत सिग्नलपाशी बाईने डोळे पांढरे केले. पोरगी तिचे गाल थोपटत राहिली, "वन्सं, इकडे बघा, वन्सं," आणि सुईताई ड्रायव्हरला त्याच्या सात पिढ्यांची शपथ घालत राहिली. डॉक्टरीणबाई खरोखरच दारात होत्या, चाकांची खाट घेऊन.

बाई वाचली. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करावं लागतं, ते अजून चालू आहे. तिच्या कागदांचा अर्ज कुठल्याशा कचेरीत पडून आहे. डॉक्टरीणबाईंनी पत्र जोडलंय, निकाल कोणालाच माहीत नाही. पोरीला भाजी निवडण्याच्या गोदामात काम मिळालं.

एक्केचाळीस नंबर अभ्यासातून खोडला गेला. सुईताईकडून दोन महिने नोंदणीचं काम काढून घेतलं आणि लेखी जबाब मागितला. तिने तो एका पानात दिला, सबबी न सांगता. लॉन्ड्रीने अभ्यासाला फाटक बंद केलं. चाळीसपैकी अकरा जणींनी नावं मागे घेतली. चौघी मात्र आपण होऊन दवाखान्यात आल्या आणि 'आमचं पुन्हा तपासा' म्हणाल्या.

दोन महिने सरल्यावर एकदा सुईताई वॉर्डात गेली. नणंद यंत्राला जोडलेली होती, शेजारी वहिनी बसली होती. वहिनीने तिला खुर्ची दिली, पण बोलली नाही.

"तो संमतीचा फॉर्म आणलाय?" नणंदेने विचारलं. "त्या दिवशी मी वाचून न घेताच अंगठा टेकवला होता."

"तुमचं नाव काढलंय आता. भरायलाच हवा असं नाही."

"ते मी ठरवीन. वाचून दाखवा. सगळं. बारीक अक्षरातलंसुद्धा."

सुईताईने पिशवीतून कोरा फॉर्म काढला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचू लागली. दुसऱ्या पानावर, 'तुमचं नाव तुमच्या परवानगीशिवाय कोणालाही दिलं जाणार नाही' इथवर ती आली, तेव्हा वहिनीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"थांबा," ती म्हणाली. "हे शेवटचं वाक्य परत वाचा."