बारशाला आलेला फोन

हिमानी आत्या पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगणार, तेवढ्यात बाळाच्या आजीने, शशिकलाबाईंनी, तिला थांबवलं आणि फोन पाळण्याच्या दांडीला टेकवला. पडद्यावर बाळाचा बाप, हृषीकेश, दिसला. हरियाणातल्या पंचकुल्याच्या त्या दोन खोल्यांत एकच गलका झाला. नवऱ्याला बघून रेवाला तर रडूच फुटलं.

आनंद झाला नाही तो फक्त श्यामसुंदररावांना. वायुदलात अठ्ठावीस वर्षं वायरलेस दुरुस्त केलेला माणूस तो. मुलाची युद्धनौका दोन आठवडे भर समुद्रात असताना त्याच्या फोनला रेंज आली कुठून, एवढं न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. फोन घेऊन ते बाल्कनीत गेले आणि दार लोटलं.

“जहाज बंदरात आहे?” त्यांनी विचारलं. उत्तरेत वाढलेला हृषीकेश नेहमीसारखा हिंदीतच बोलला.

“नहीं पप्पा. हम चार लोगों ने ऊपर इंटरनेट वाली छोटी डिश लगाई है. किसी को पता नहीं. बस, बच्चे को देखना था.”

श्यामसुंदररावांना धोका लगेच कळला. चोरून लावलेल्या त्या डिशचा सिग्नल परक्या कुणी पकडला, तर जहाज कुठे आहे ते कळायला वेळ लागत नाही. जहाजावर तीनशे माणसं होती. आणि तोंड उघडलं तर मुलाची नोकरी जाणार होती.

“ती डिश आत्ता बंद कर. संध्याकाळपर्यंत कॅप्टनसाहेबांना स्वतः सांग. नाहीतर मी कळवतो.”

हृषीकेश मग म्हणाला, “नाम तो सुनने दो.”

श्यामसुंदररावांचा जीव तुटला. तरी ते “बंद कर” एवढंच म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

आत येऊन त्यांनी खरं काय ते सांगितलं. शशिकलाबाई म्हणाल्या, “तीनशे दिसले तुम्हाला. आपला एक तेवढा दिसला नाही.” हिमानीने बाळाच्या कानात ‘गंधार’ म्हटलं. पाळणा कुणी गायला नाही.

हृषीकेश सुटीवर आला तेव्हा गंधार पाच महिन्यांचा झाला होता. आपणहून सांगितलं म्हणून नोकरी वाचली, हुद्दा मात्र गेला. बापलेक आठवडाभर कामापुरतंच बोलले. निघायच्या दिवशी सकाळी श्यामसुंदररावांनी न विचारता त्याचा गणवेश इस्त्रीला घेतला. बाहीवरचा हुद्द्याचा बिल्ला काढला होता, पण त्याच्या शिवणीची भोकं कापडात तशीच होती. पाणी शिंपडून ते तिथे पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवू लागले.

“रहने दो पप्पा,” दारातून हृषीकेश म्हणाला. “नहीं जाएगा.”

त्यांनी बाही उलटी केली आणि आतल्या बाजूने इस्त्री धरली.