पाचवी गोळी

"नापास," मी म्हणालो आणि दुर्बिणीच्या गळ्यात लाल दोरा बांधून टाकला.

शेयशेनं टोपी काढून डोकं खाजवलं. उद्या पहाटे तो वर डोंगरात निघणार होता, परवान्यावर एकच रानबोकड मारायला. त्यासाठीच रायफलीवर लावायची ही नवी दुर्बीण त्यानं मागवली होती.

"आके," थोरल्या माणसाला म्हणतात तसं तो म्हणाला, "जराशी चूक असली तर चालून जाईल की नाही?"

"लग्न ठरवतोयस काय, जराशी तिरळी चालेल म्हणायला? पाचवी गोळी चार बोटं डावीकडे गेलीय!"

"तुम्ही म्हणालात, संपलं," तो म्हणाला. "बापाची जुनी लावतो." दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही त्यानं. स्वतःची रायफल खांद्याला अडकवली, नवी दुर्बीण तिथेच सोडली आणि गेला.

काराकोल शहराबाहेरच्या ह्या नेमबाजीच्या मैदानावर एकतीस वर्षं मी हेच करतोय. दुर्बीण नेमबाजीची असो नाहीतर शिकारीची, मैदानाच्या जड रायफलीवर चढवायची आणि शंभर मीटरवर चौकोन मारायचा. निशाणा दर वेळी तोच. पहिली गोळी मारायची, मग दुर्बिणीवरची चकती वीस खटके वर, एक गोळी. वीस उजवीकडे, एक. वीस खाली, एक. वीस डावीकडे, आणि पाचवी. दुर्बीण खरी असेल तर पाचवी गोळी पहिलीच्या भोकात जाऊन बसते. मग पांढरा दोरा. नाहीतर लाल. आमच्याकडची माणसं माझा दोरा बघून डोंगरात जातात.

त्या आठवड्यातली ही तिसरी लाल. आधीच्या दोन्ही बाजारातल्या बातमाच्या दुकानातल्या; परवाच ती माझ्यावर ओरडली होती, "कारखान्यातले सगळे एकाच दिवशी पिऊन आले होते का हो?" मी तिला चांगलंच झापलं होतं.

शेयशे गेला तशी उर्कुया जवळ आली. मैदानाची रखवाली तिच्याकडे. तरुणपणी बर्फावरच्या शर्यतीत नेम मारायची. मी गोळ्या झाडायच्या आणि तिनं लक्ष्यापाशी जाऊन भोकं कुठे पडली ते ओरडून सांगायचं, अशी आमची वाटणी.

"आके, रागावू नका. तुम्ही हल्ली मान वाकडी करता."

"मान माझी आहे."

"गाल दस्त्यावर नीट टेकत नाही तुमचा. दर वेळी वेगळ्याच कोनातून बघता. मग दुर्बिणीतले काटे सरकणारच ना?"

"आता तू शिकव मला!"

तिनं वाद घातला नाही. चटईवर आडवी झाली, शेयशेच्याच दुर्बिणीतून पाच गोळ्या झाडल्या, चालत जाऊन कागद काढून आणला आणि माझ्यासमोर धरला. पाचवी पहिलीत बसली होती.

"वाऱ्यानं साथ दिली," मी म्हणालो. वारा कसला, पानसुद्धा हलत नव्हतं.

उन्हाळ्यापासून उजव्या डोळ्याच्या मध्यावर एक डाग होता, काचेवर तेलकट अंगठा उमटावा तसा. त्याला चुकवून बघायचं म्हणून मी मान कलती करत होतो. हे बायकोलाही बोललो नव्हतो.

"मी कुणाला सांगणार नाही," उर्कुया हळूच म्हणाली. त्यानं तर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी शेयशेच्या घरी जाऊन सांगता आलं असतं. मी बूट घातले, काढले, परत घातले. गेलो नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही.

मग तीन दिवस जिवाला चैन म्हणून नाही. चहा ओतला की निवून जायचा. अंगणातून फाटकापर्यंत जायचो, परत यायचो. फाटकासमोरच्या चिनाराकडे डावा डोळा झाकून बघायचो, तर झाड दिसायचं, पण मधलं खोड गायब. "अहो, एका जागी बसा की!" बायको वैतागली. "घोड्याला माश्या चावल्यासारखं काय चाललंय?" तिला काय सांगू? शेयशेच्या बापाच्या दुर्बिणीत पाणी शिरलेलं होतं. ती फेकून दे म्हणून मीच त्याला सांगितलं होतं. त्या धुक्यातून बोकड नुसता जखमी झाला आणि कड्यात तडफडून मेला, तर पाप कुणाचं? माझंच.

चौथ्या दिवशी दुपारी मी पुलावर जाऊन उभा राहिलो. शेयशे घोड्यावरून उतारानं येत होता, मागे बोकड बांधलेला.

"आके! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? शिरालगा मागा की!"

शिकार घेऊन उतरणाऱ्याला जो पहिला भेटतो, त्यानं 'शिरालगा' म्हणायचं आणि शिकाऱ्यानं त्याला वाटा द्यायचा. लहानपणापासून शंभरदा म्हटला असेल तो शब्द. त्या दिवशी तोंडातून निघेना.

"तुमच्यामुळे झालं हे!" तो खुशीत होता. "तीनशे पावलांवर तो म्हातारा बोकड उभा होता, शिंगं ही एवढी! जुन्या काचेत नुसतं दूध. सोडून दिला. मग पोटावर सरपटत ह्याला ऐंशी पावलांवर गाठला. एका गोळीत. बापाची दुर्बीणच लाभली म्हणायची. तुमचा डोळा म्हणजे डोळा, आके!"

गप्प राहिलो असतो तर काही बिघडलं नसतं.

"शेयशे, तुझी नवी दुर्बीण चांगली होती. माझा डोळा गेलाय. त्याच दिवशी कळलं होतं मला. पण सांगायला आलो नाही."

तो घोड्यावरून उतरला. खोगिराचा आवळलेलाच पट्टा पुन्हा आवळत राहिला.

"चार वर्षं मी त्या म्हाताऱ्याच्या मागावर होतो," शेवटी म्हणाला.

"माहीत आहे मला."

त्यानं सुरी काढली. "म्हणा."

"माझा हक्क नाही रे बाबा."

"पुलावर पहिले तुम्ही भेटलात. वाटा न देता घरी गेलो तर पुढच्या वर्षी कुठल्या तोंडानं वर जाऊ? म्हणा!"

"शिरालगा," मी म्हणालो.

त्यानं मागची एक तंगडी कापून माझ्या हातांवर ठेवली आणि घोड्यावर बसला. वळून मात्र पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बातमाच्या दुकानातून लाल दोऱ्याच्या दोन्ही दुर्बिणी परत आणल्या. शेयशेची मैदानावर होतीच. दोऱ्यांची दोन्ही रिळं उर्कुयाच्या हातात दिली. ती घेईना.

"घे," मी म्हणालो. "आता तू झोप चटईवर. भोकं मी बघतो."

पहिली शेयशेचीच चढवली. तिनं पाच गोळ्या झाडल्या, रायफल उघडून बाजूला ठेवली. मी लक्ष्याकडे चालू लागलो. एकतीस वर्षांत ते शंभर मीटर मी मोजक्याच वेळा चाललो असेन.

"आके, पाचवी कुठे?" मागून तिची हाक आली.

कागद नाकासमोर होता आणि नेमका त्याच्या मध्यावर माझा डाग. मी बोट पुढे केलं. पहिल्या गोळीच्या भोकाची कड चाचपली, सगळीकडून, दोनदा. तिथे एकच भोक होतं, किंचित लांबट.

"पहिलीत!" मी ओरडलो. "पांढरा बांध!"